मदत हवी आहे : नायट्याची केओएच तपासणी पॉझिटिव्ह, कल्चर (बुरशी वाढवून पाहणं) मात्र कोरडं

वाशीत नायट्याचा अभ्यास चालू आहे. मधुमेही आणि बिगर-मधुमेही असे दोन गट. जागा 70% अल्कोहोलने पुसून चट्ट्याच्या कडेवरूनच खरवड घेतो. 10% केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, त्वचेच्या पेशी विरघळवतं) सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू स्वच्छ दिसतात, पण 28 अंशांवर 4 आठवडे ठेवूनही मधुमेही गटात वाढ फार कमी. बुरशी वाढवण्याच्या सॅबुरॉड अगारमध्ये क्लोरॅम्फेनिकॉल (जिवाणू रोखायला) आणि सायक्लोहेक्सिमाइड (इतर बुरशी रोखायला) दोन्ही आहेत.

संशय मलमावर. रुग्णांनी दुकानातून आणलेल्या क्लोबेटासोलच्या (स्टेरॉइड) मिश्रणात बुरशीनाशकही असतं, त्यानेच वाढ दबत असावी. ‘ट्यूब आणा’ म्हटलं की पिळून चपटी झालेली, नाव पुसलेली ट्यूब येते! पीसीआरचं (बुरशीचा डीएनए शोधणारी चाचणी) बजेट नाही आणि खाजेने बेजार माणसाला फार थांबवता येत नाही.

मलम बंद केल्यावर किमान किती दिवसांनी खरवड घ्यावी? आणि मलमवाले वगळावेत की दोन्ही गटांत वेगळे मोजावेत?