जम्मू-काश्मीर पुन्हा पूर्ण राज्य कसे होईल?

प्रश्न (विटा): माझे थोरले बंधू गलाईच्या (सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या) व्यवसायानिमित्त जम्मूत असतात; तेजाबाने काळवंडलेल्या बोटांनी फोन धरून ते दरवेळी हेच विचारतात. यासाठी घटनादुरुस्ती लागते का?

उत्तर (सातारा): नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३ नुसार संसदेने साध्या बहुमताने कायदा करून, ज्याने हे राज्य केंद्रशासित प्रदेश झाले त्या २०१९ च्या पुनर्रचना कायद्यात बदल केला, तरी पुरे.

उत्तर (मिरज): अडचण इच्छाशक्तीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०२३ रोजी विधानसभा निवडणुकीला मुदत घातली. राज्याच्या दर्जाबाबत मात्र ‘लवकरात लवकर’ एवढेच म्हटले. लोकांनी सरकार निवडून द्यावे आणि पोलीस उपराज्यपालांकडेच राहावेत, हे मला मनापासून खटकते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. बंधूंना आजच कळवतो.