मेथडिस्ट मंडळीला पाळक कोण देते?

प्रश्न (भुसावळ)
सर्वांना सलाम. आमच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) पाळकाची म्हणजे पास्टरची जागा रिकामी झाली की कमिटी तीन-चार जणांना एकेका रविवारी उपदेशासाठी बोलावते आणि मग सभासद ठरवतात. माझी मुलगी लग्नानंतर मुंबईतील मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या एका मंडळीत गेली. तेथील पाळकसाहेब सर्वांना हवे असतानाही बदलून गेले आणि नवे कोण येणार, हे त्यांच्या पंथाची वार्षिक परिषद उरकल्यावरच कळले. मंडळीच्या मताला तेथे काहीच किंमत नसते का?

उत्तर (नंदुरबार)
किंमत असते, पण निवडीचा अधिकार नसतो. मेथडिस्ट मंडळी पाळकाला बोलावत नाही. बिशप त्याला पाठवतात. डिस्ट्रिक्ट सुपरिटेंडेंट, म्हणजे एका विभागातील मंडळ्यांवर देखरेख करणारे पाळक, मंडळीची आणि पाळकाची गरज बिशपांपुढे मांडतात, सल्लामसलत होते आणि परिषदेच्या शेवटी नेमणुका वाचल्या जातात. तेच पाळक राहणार असले तरी त्यांचे नाव दरवर्षी नव्याने वाचले जाते. उपदेशकाने एका गावी मुक्काम न ठोकता फिरत राहावे, ही मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांची शिस्त यामागे आहे. अमेरिकेत १८०४ मध्ये एका जागी सलग दोनच वर्षांची मर्यादा घातली गेली. ती १८६४ मध्ये तीन आणि १८८८ मध्ये पाच वर्षे झाली, आणि १९०० मध्ये उठली. तुमची तक्रारही जुनीच आहे. नेमणूक जाचक वाटल्यास उपदेशकाला परिषदेकडे दाद मागता यावी, असा ठराव अमेरिकेतील मेथडिस्ट उपदेशक जेम्स ओ'केली यांनी १७९२ मध्ये मांडला होता. तो फेटाळला गेला आणि ते बाहेर पडले.

उत्तर (जळगाव)
मी मेथडिस्ट पाळकाची मुलगी आहे. पप्पा परिषदेहून परतले की आई आधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायची. एका वर्षी गच्चीवर पापड वाळत असतानाच त्यांनी नव्या गावाचे नाव सांगितले. अर्धवट वाळलेले पापड आईने लुगड्यासकट गुंडाळले आणि नव्या अंगणात पुन्हा पसरले. त्या मंडळीत जेमतेम अकरा कुटुंबे होती. त्यांनी पाळक बोलवायचा ठरवला असता तर कोण आले असते, आणि पगार कोठून दिला असता? म्हणून ही पद्धत मला मान्य आहे. मात्र माझ्या दहावीच्या वर्षी झालेली बदली आजही सलते. मुलांच्या शाळेचा विचार नेमणुकीआधी व्हायलाच हवा.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. मग मुलीच्या मंडळीने आता काय करावे?

उत्तर (नंदुरबार)
कमिटीने पुढील परिषदेच्या बऱ्याच आधी सुपरिटेंडेंटना लेखी कळवावे. अमुकच पाळक द्या, असे न लिहिता मंडळीत तरुण किती, आजारी वृद्ध किती आणि उपासना कोणत्या भाषेत होते, ते लिहावे.