लेन्सची तुलना मिलिमीटरमागे नव्हे, चित्राच्या उंचीमागे व्हावी

प्रति मिलिमीटर अधिक बारीक रेषा वेगळ्या दाखवणारी मायक्रो फोर थर्ड्स या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याची लेन्स फुल फ्रेम या मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या लेन्सपेक्षा धारदार ठरते, हा निष्कर्ष मला पटत नाही. फुल फ्रेम सेन्सरची उंची २४ मिलिमीटर, तर मायक्रो फोर थर्ड्सची १३; म्हणजे एकाच मापाच्या छपाईसाठी लहान सेन्सरवरची प्रतिमा जवळजवळ दुप्पट मोठी करावी लागते आणि तिच्या लेन्सला त्याच पटीत बारीक तपशील टिपावा लागतो. सीएसएमटीच्या दर्शनी भागाचे फोटो मी दोन्हींवर सारख्याच उंचीच्या चौकटीत घेऊन छापले, तेव्हा कोरीव दगडी पानांच्या कडा फुल फ्रेमच्या छापात अधिक स्वच्छ उमटल्या. लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) मायक्रो फोर थर्ड्सवर एफ ४ आणि फुल फ्रेमवर एफ ८ होते. विवर्तनाचा, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरून येणाऱ्या धूसरपणाचा, परिणाम दोन्ही छापांत साधारण तेव्हाच जुळतो.