डेबियनवरचा सर्व्हर, कंपनीचे सहाय्य आणि 'सर्टिफाइड'ची अट : खरेदी समितीला काय सांगावे?

ग्रंथालय_सर्व्हर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका अनुदानित महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचा संगणक विभाग सांभाळतो. आमचे ग्रंथालय 'कोहा' या ग्रंथालय-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरवर चालते आणि कोहाची अधिकृत पॅकेजेस डेबियन-उबुंटूच्या पद्धतीची असल्यामुळे सर्व्हरवर पहिल्यापासून डेबियन ही लिनक्स प्रणालीच आहे. सध्या डेबियन १२ आहे आणि प्रणालीबद्दल माझी एकही तक्रार नाही.

गेल्या महिन्यात सर्व्हरच्या तिसऱ्या खणातील डिस्कचा दिवा केशरी झाला. रेड-५ची मांडणी (एक डिस्क बिघडली तरी डेटा शाबूत राहील अशी अनेक डिस्कची जोडणी) असल्याने देवघेव थांबली नाही, परंतु 'स्मार्टसीटीएल' या डिस्क तपासण्याच्या साधनाने पाहिले तेव्हा त्या डिस्कवरील खराब जागांचा आकडा रोज वाढताना दिसत होता. वॉरंटीचे चौदा महिने शिल्लक आहेत, म्हणून मी कंपनीच्या सहाय्य केंद्राला फोन केला. पलीकडच्या अभियंत्याने पहिलाच प्रश्न प्रणालीचा विचारला आणि 'डेबियन' हे उत्तर ऐकताच सांगितले की ही प्रणाली त्यांच्या यादीत नाही. यादीतील एखादी प्रणाली टाकून त्यांच्या तपासणी-टूलचा अहवाल पाठवला, तरच पुढचे पाहता येईल. ते टूल फक्त आरपीएम स्वरूपात, म्हणजे रेड हॅटसारख्या प्रणालींच्या पॅकेज-पद्धतीत, मिळते. एक डिस्क बदलून घेण्यासाठी चालू ग्रंथालयाची प्रणाली पुसावी, हे मला पटले नाही.

आता हा विषय प्राचार्यांपर्यंत गेला आहे आणि पुढील सर्व्हरच्या निविदेत 'सर्टिफाइड प्रणालीच हवी' अशी अट घालावी, असे खरेदी समितीचे मत बनत आहे. हे सर्टिफिकेशन नेमके कशाचे असते, डेबियनला ते का नाही आणि ते नसल्यामुळे आमच्यासारख्या संस्थेचे प्रत्यक्षात काय नुकसान होते, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती. सध्याच्या डिस्कचे काय करावे, तेही सुचवावे.

रॅक_आणि_केबल

साहेब, आधी डिस्कचे बोलू, कारण तिला वेळ कमी आहे. आज संध्याकाळी ग्रंथालय बंद झाल्यावर 'कोहा-डंप' हा आदेश चालवून बॅकअप घ्या, तो दुसऱ्या यंत्रावर हलवा आणि उघडून पाहा. रेड-५मध्ये एक डिस्क गेली की दुसरी जाण्याची मुभा उरत नाही, आणि नवीन डिस्क बसवल्यावर मांडणी पुन्हा उभी राहत असते, त्याच काही तासांत उरलेल्या डिस्कवर सर्वांत जास्त ताण येतो.

आता अहवालाचा प्रश्न. सर्व्हरच्या बोर्डवर एक स्वतंत्र व्यवस्थापन चिप असते; डेलच्या यंत्रांत तिला आयड्रॅक म्हणतात, एचपीईच्या यंत्रांत आयएलओ, आणि इतर उत्पादकही आपापल्या नावाने ती देतात. तिला स्वतःचा नेटवर्क पोर्ट असतो आणि मुख्य प्रणाली बंद असली तरी ती जागी असते. रेड कार्डाची (डिस्कची मांडणी सांभाळणाऱ्या कार्डाची), डिस्कची, पंख्यांची आणि तापमानाची नोंद ती स्वतः ठेवते. तिच्या वेब पानावरून सहाय्यासाठीचा अहवाल थेट उतरवता येतो. आयएलओमध्ये तो 'अ‍ॅक्टिव्ह हेल्थ सिस्टम लॉग' या नावाने मिळतो, तर आयड्रॅकमध्ये 'सपोर्टअसिस्ट कलेक्शन' म्हणून. हार्डवेअरची ही नोंद चिपच ठेवते, त्यामुळे डेबियन असो वा अन्य काही, तिच्यात फरक पडत नाही. तुमच्या यंत्रातील चिपचा तसा अहवाल काढा, तो ई-मेलने पाठवा आणि लेखी विचारा की या अहवालानुसार डिस्क सदोष आहे की नाही. फोनवरचा माणूस समोरच्या प्रश्नावलीप्रमाणे बोलत असतो; लेखी तक्रार वरच्या पातळीवर जाते आणि तेथे हार्डवेअरचा माणूस ती वाचतो.

एक कळकळीची सूचना. टूलच्या इन्स्टॉलरला फसवण्यासाठी 'ईटीसी' फोल्डरमध्ये रेड हॅटच्या नावाची खोटी फाइल तयार करण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. तसे करू नका. टूल कदाचित चालेल, पण तुम्ही कंपनीला चुकीच्या प्रणालीचा अहवाल पाठवलेला असेल आणि उद्या खरा वाद झाला, तर तुमची बाजू तेथेच कच्ची पडेल.

सर्टिफिकेशनबद्दल माझा वीस वर्षांचा अनुभव एका वाक्यात सांगायचा, तर ते 'यंत्र चालते' याचे प्रमाणपत्र नसून 'बिघडल्यास कोण उत्तर देईल' याचा करार असते. रेड हॅट या कंपनीच्या 'रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स' या सशुल्क प्रणालीसाठी हार्डवेअर उत्पादक ठरावीक चाचणी-संच आपल्या यंत्रावर चालवतो, निकाल रेड हॅटकडे पाठवतो आणि मग ते मॉडेल त्या आवृत्तीच्या यादीत येते. त्यानंतर ग्राहकाची तक्रार आली की दोन्ही कंपन्यांचे अभियंते एकमेकांशी बोलण्यास बांधील असतात. ग्राहक पैसे मोजतो ते या बांधिलकीचे.

त्यामागे एक तांत्रिक कारणही आहे. रेड हॅट एका मुख्य आवृत्तीच्या संपूर्ण आयुष्यात कर्नलमधील (प्रणालीच्या गाभ्यातील) ठरावीक चिन्हांची, म्हणजे ड्रायव्हर ज्यांना जोडले जातात त्या नावांची, यादी स्थिर ठेवते, त्यामुळे उत्पादकाने एकदा बांधलेला बायनरी (तयार बांधून दिलेला) ड्रायव्हर पुढील अनेक अपडेटांनंतरही चालतो. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९चे कर्नल ५.१४ या क्रमांकाचे आहे आणि त्यात नव्या सुधारणा मागे आणून बसवल्या जातात. डेबियन १२मध्ये ६.१ आहे आणि तेथे बायनरी ड्रायव्हरसाठी असे वचन कोणी देत नाही. मात्र तुमचे रेड कार्ड ज्या ड्रायव्हरवर चालते, तो ड्रायव्हर मूळ कर्नलमध्येच असेल, तर या सगळ्याचा तुम्हाला काहीही फरक पडत नाही, आणि प्रचलित सर्व्हरांत बहुतेक वेळा तसेच असते.

उलट बाजूही समितीपुढे ठेवा. रेड हॅट ८मध्ये मेगारेड या नावाच्या काही जुन्या रेड कार्डांचा आधार काढून टाकला गेला. कार्डे चांगली होती, मूळ कर्नलमधील ड्रायव्हरही चालू होता, पण यादीतून नाव गेले आणि लोकांना ती यंत्रे वेगळ्या मार्गाने चालवावी लागली. पुढे रेड हॅटशी सुसंगत असलेल्या अल्मालिनक्स या मोफत प्रणालीने ९.४ या आवृत्तीत रेड हॅटने वगळलेल्या अशा काही जुन्या हार्डवेअरचा आधार पुन्हा सुरू केला. यादीत असणे हे कायमचे नसते.

पॅकेज_देखभाल

वरील उत्तर नेमके आहे. डेबियनला सर्टिफिकेशन 'का नाही', या प्रश्नावर थोडे लिहितो, कारण तो प्रयत्न झाला नाही असे मुळीच नाही.

ऑगस्ट २००६मध्ये एचपीने डेबियनसाठी सहाय्य देण्याची घोषणा केली होती. एचपीच्या प्रोलायंट सर्व्हरवर डेबियन ३.१ चालवणाऱ्या ग्राहकाला एचपीकडून सहाय्य विकत घेता येणार होते. एचपीतील लिनक्सची धुरा सांभाळणारे बडेल गार्बी हे पूर्वी डेबियनचे प्रकल्पप्रमुख राहिलेले होते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. कंपनीच्या आत समुदायाला ओळखणारा आणि त्याच्यासाठी शब्द टाकणारा माणूस असला की दार उघडते. डेबियन म्हणजे कंपनी नव्हे. तो स्वयंसेवकांचा प्रकल्प आहे आणि त्याची मालमत्ता व देणग्या 'सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट' या अमेरिकेत नोंदलेल्या ना-नफा संस्थेकडे असतात. उत्पादकाच्या कायदा विभागाने करार करायचा तर समोर सही कोणाची घ्यायची, येथेच गाडी अडते. उबुंटूच्या मागे कॅनोनिकल ही कंपनी आहे, म्हणून उबुंटूची प्रमाणित यंत्रांची यादी आहे. तांत्रिकदृष्ट्या उबुंटूचा पाया डेबियनचाच आहे. फरक सही करणाऱ्या हाताचा आहे.

दुसरा प्रयत्न मानकांच्या बाजूने झाला. 'लिनक्स स्टँडर्ड बेस', म्हणजे एलएसबी, या मानकाची कल्पना सुंदर होती: कोणत्या लायब्ररी, कोणत्या फाइल, कोणते आदेश प्रत्येक वितरणात (डेबियन, रेड हॅट अशा लिनक्सच्या प्रत्येक प्रकारात) असतील हे एकदा ठरले की सॉफ्टवेअर कंपनीने एकदाच बांधावे आणि ते सगळीकडे चालावे. २००६मध्ये त्याला आयएसओ २३३६० हा आंतरराष्ट्रीय क्रमांकही मिळाला. डेबियनची स्थापना करणारे इयन मर्डॉक यांनीच त्याच वर्षी एलएसबीच्या कार्यगटाचे अध्यक्षपद घेतले होते, इतके हे दोन प्रवाह एकमेकांजवळ होते. आपल्याकडे सी-डॅकने डेबियनवर उभारलेल्या 'बॉस' या प्रणालीनेही एलएसबीचे प्रमाणपत्र मिळवले होते. सरकारी वापरासाठीच्या भारतीय प्रणालीला मानकाचा शिक्का असावा, ही इच्छा योग्यच होती.

मात्र एलएसबीने पॅकेजचे स्वरूप आरपीएम ठरवले होते, आणि डेबियनचे स्वरूप 'डेब' आहे. डेबियनने 'एलियन' नावाच्या साधनाने आरपीएम पॅकेजेस रूपांतरित करून ती अट पाळली. शेकडो पानांचे मानक, जुन्या लायब्ररी केवळ यादीत आहेत म्हणून सांभाळणे, हे सर्व स्वयंसेवकांच्या वेळातून होत होते. २०१५मध्ये ते काम पाहणाऱ्यांनी हिशेब मांडला, तेव्हा प्रमाणित अ‍ॅप्लिकेशनांच्या यादीत ६ कंपन्यांची मिळून अवघी ८ अ‍ॅप्लिकेशने होती. ज्यांच्यासाठी मांडव घातला, ते वऱ्हाडच आले नाही. डेबियनने त्या वर्षी एलएसबीची बहुतेक पॅकेजेस काढून टाकली. कंपन्यांनी मानकाविरुद्ध चाचणी घेण्याऐवजी थेट रेड हॅट आणि सुसे या व्यावसायिक वितरणांच्या ठरावीक आवृत्त्यांविरुद्ध चाचणी घेणे पसंत केले. मला याचे आजही वाईट वाटते, कारण ते मानक रुजले असते, तर तुमच्या सर्व्हरसाठीचे टूल कदाचित केवळ आरपीएम वापरणाऱ्या वितरणांपुरते निघाले नसते.

गेल्या काही वर्षांत मात्र वेगळ्या वाटेने बरेच साधले आहे. फर्मवेअर (हार्डवेअरच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) अद्ययावत करणारे 'एफडब्ल्यूअपडी' हे साधन आणि त्याची फर्मवेअर सेवा २०१५मध्ये सुरू झाली, २०१८मध्ये लेनोवो तिच्यात आली, आणि आता अनेक उत्पादक आपले फर्मवेअर तेथे ठेवतात. ते वितरण न पाहता सर्वांना मिळते. त्याच २०१५मध्ये व्यवस्थापन चिपशी बोलण्याचे 'रेडफिश' हे मानक आले, म्हणजे वर सांगितलेली चौकशी उत्पादकाच्या टूलशिवाय करता येते. डेबियननेही २०२२च्या मतदानानंतर आपली जुनी भूमिका बदलली आणि डेबियन १२पासून मुक्त नसलेले फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये येऊ लागले. पूर्वी ब्रॉडकॉमच्या नेटवर्क कार्डासाठी पेनड्राइव्हवर वेगळी फाइल घेऊन सर्व्हर रूममध्ये उभे राहावे लागे, ते थांबले.

रुग्णालय_आयटी

वरील दोघांबद्दल आदर ठेवून दुसरी बाजू मांडते, कारण खरेदी समितीची भीती मला निराधार वाटत नाही.

मी ठाण्यातील एका रुग्णालयात आहे. आमचा डेटाबेस ओरॅकलचा आहे आणि ओरॅकल तो ठरावीक एंटरप्राइज वितरणांवरच प्रमाणित करते. रात्री दोन वाजता डेटाबेस अडला आणि आम्ही यादीबाहेर असलो, तर माझ्याकडे समजूतदार उत्तरे असून उपयोग नाही. तेथे परवाना घेतलेलाच बरा. काही ग्राहकांना एफआयपीएस १४० या अमेरिकी सरकारी मानकानुसार प्रमाणित कूटलेखन (एन्क्रिप्शन) लागते. ते प्रमाणपत्र ठरावीक मॉड्यूलच्या ठरावीक आवृत्तीला मिळते, तीच लायब्ररी दुसऱ्याने पुन्हा बांधली की लागू राहत नाही. तेव्हा 'रेड हॅटशी सुसंगत' आणि 'रेड हॅटप्रमाणे प्रमाणित' या दोन गोष्टी समितीने एक समजू नयेत.

हे मी अनुभवाने सांगते. आम्ही पैसे वाचवण्यासाठी काही सर्व्हर सेंटओएस ८वर, म्हणजे रेड हॅटच्याच छत्राखालील रेड हॅटशी सुसंगत मोफत वितरणावर, नेले होते. ८ डिसेंबर २०२० रोजी घोषणा झाली की सेंटओएस ८ हे २०२१च्या अखेरीस संपणार. त्याआधी आम्ही ते २०२९पर्यंत चालेल असे धरून नियोजन केले होते. पुढचे वर्ष स्थलांतरातच गेले. त्यानंतर त्याची जागा घेणारी रॉकी आणि अल्मा ही मोफत वितरणे आली, ती उत्तम चालतात, पण मूळ धडा असा की कंपनीच्या मालकीचे फुकट वितरण हे समुदायाचे वितरण नसते. त्या बाबतीत डेबियन अधिक भरवशाचे आहे, हे मी मान्य करते.

सर, तुमचे काम कोहाचे आहे आणि कोहा स्वतःच डेबियनसाठी पॅकेज देते. तुमच्याकडे सॉफ्टवेअरच्या बाजूने प्रमाणित प्रणालीची गरजच नाही. तुम्हाला हवी आहे ती फक्त हार्डवेअरची हमी. ती प्रणालीच्या अटीशी बांधली, तर परवान्याचा खर्च दरवर्षी येईल आणि कोहा चालवणे अवघड होईल. समितीला या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवा.

ग्रंथालय_सर्व्हर

तिघांचेही मनापासून आभार. रॅक_आणि_केबल यांनी सांगितल्याप्रमाणे बॅकअप घेऊन चिपच्या पानावरून अहवाल उतरवला आणि वॉरंटीच्या कागदाची प्रत जोडून ई-मेल केला. त्या कागदात प्रणालीचा उल्लेख कोठेही नव्हता. चौथ्या दिवशी डिस्क आली. ती बसवल्यावर मांडणी उभी राहण्यास सुमारे सात तास लागले आणि सकाळी ग्रंथालय वेळेवर उघडले.

समितीसाठी मी पुढील अट लिहिली आहे: 'सर्व्हरवरील प्रणाली कोणतीही असली, तरी व्यवस्थापन चिपवरून काढलेला अहवाल हा हार्डवेअरमधील बिघाडाचा पुरेसा पुरावा मानला जाईल, आणि त्याआधारे सुटा भाग कामकाजाच्या पुढील दिवशी जागेवर बदलून देणे पुरवठादारावर बंधनकारक राहील.' आम्ही जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून खरेदी करतो आणि तेथे खरेदीदाराच्या अटी जोडता येतात. यात काही राहून गेले असल्यास सांगावे.

रॅक_आणि_केबल

अट चांगली उतरली आहे, साहेब. तीन भर घाला. पहिली, रेड कार्ड आणि नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर मूळ लिनक्स कर्नलमध्ये असावा, असे स्पष्ट लिहा. वितरणाचे नाव लिहू नका. दुसरी, व्यवस्थापन चिपचा पूर्ण परवाना यंत्रासोबतच मागा, कारण अहवाल साध्या परवान्यावर मिळत असला, तरी प्रणाली सुरू झाल्यानंतर दूरवरून पडदा पाहण्यासाठी अनेक यंत्रांत वेगळे पैसे पडतात आणि नंतर ते मंजूर करून घेणे कठीण जाते. तिसरी, त्याच भाग-क्रमांकाची एक जादा डिस्क मूळ खरेदीतच घ्या आणि ती गरम-राखीव (हॉट स्पेअर, म्हणजे गरज पडताच आपोआप कामाला लागणारी) म्हणून खणात बसवून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी केशरी दिवा लागला की कंपनीचे उत्तर येण्याआधीच मांडणी आपोआप उभी राहू लागेल.