वृंदगानाचं शूटिंग : मागच्या ओळीतल्यांनी तयारी काय करायची?

दुसरा_आवाज (इंदूर)

नमस्कार मंडळी. आमच्या वृंदात ३६ जण आहेत, आवाज चार (म्हणजे चार गट, प्रत्येकाची सुरावट वेगळी). एक अभंग स्टुडिओत रेकॉर्ड होऊन, मिक्स होऊन आलाय, ४ मिनिटं १० सेकंदांचा. पुढच्या रविवारी त्याचा व्हिडिओ करायचाय : सकाळी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर (होळकरांची स्मारकं), दुपारनंतर एका सभागृहात. स्टेजवर गायची सवय सगळ्यांना आहे, कॅमेऱ्यासमोर उभं राहायची कुणालाच नाही. विचारायचं ते असं :

तिथे रेकॉर्डिंग वाजत असताना खरंच गायचं की नुसते ओठ हलवायचे? बायकांनी माहेश्वरी साड्या ठरवल्यात, त्या चालतील ना? निम्म्या लोकांना चष्मा आहे. आणि चार मिनिटांच्या गाण्याला अख्खा दिवस का मागतायत?

खर्जातला_एक

गायचं, आणि आवाज काढून गायचं. नुसते ओठ हलवले की गळा, हनुवटी, छातीचा भाता सगळं स्वस्थ राहतं आणि पडद्यावर ते लगेच कळतं. पूर्ण ताकद मात्र लावू नका. शेजारच्याला ऐकू जाईल इतकाच आवाज, पण श्वास खरा. नाहीतर दुपारपर्यंत गळे बसतील.

दिवस का लागतो त्याचा हिशेब सोपा आहे. कॅमेऱ्याची जागा बदलली की उजेड, ओळी, साड्यांचे पदर पुन्हा लावायला अर्धा तास जातो. मग त्या जागेवरून तीन-चार टेक, प्रत्येकी पाच-सहा मिनिटं. अशा आठ जागा धरल्या तरी सात तास झाले, आणि दोन ठिकाणांमधला प्रवास यात धरलेलाच नाही.

आता खरं काम. वही बाजूला ठेवा. शूटिंगला तुमचं नोटेशन उपयोगाचं नाही, मिक्स होऊन आलेलं गाणं उपयोगाचं. तालमीत एखादा स्वर तीन मात्रा ठरला असेल आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी तो साडेतीन झाला असेल, तर आता साडेतीनच बरोबर. मिक्समध्ये एखाद्या आवाजाची ओळ बारीक केलेली किंवा काढूनच टाकलेली असते. तिथे दुसऱ्या आवाजाच्या नऊ जणी उत्साहाने गाताना दिसल्या की बघणारा गोंधळतो. अशा जागा संचालकांना आधीच विचारून घ्या.

घरी सराव करताना सगळं लक्ष प, फ, ब, भ, म वर ठेवा. ओठ मिटतात ते या वर्णांना. बाकीची बाराखडी बहुतेक तोंडाच्या आत होते, ती एक-दोन फ्रेम इकडेतिकडे झाली तरी खपून जाते (फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एक स्थिर चित्र; सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद). ‘पांडुरंग’मधला प आणि ‘माउली’मधला म खपत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे शब्दाच्या शेवटी येणारा म. ‘नाम’ म्हणताना कुणी दुसऱ्या मात्रेवर ओठ मिटतो, कुणी चौथ्या. ऐकताना ते एकमेकांत मिसळून जातं, दिसताना रांगेतून लाट गेल्यासारखं दिसतं. म्हणून असे सगळे म एकदा बसून ठरवा : कुठल्या मात्रेला मिटायचे.

मोबाइल तोंडासमोर तीन फुटांवर उभा करून स्वतःचं शूटिंग घ्या. मग त्याचा आवाज बंद करून दुसऱ्या फोनवर गाणं लावा आणि दोन्ही एकदम सुरू करा. चुका लगेच दिसतात.

श्वासाचं वेगळं आहे. लांब स्वरावर आळीपाळीने श्वास घ्यायची वृंदातली सवय कानाला गोड आणि कॅमेऱ्याला कडू. सहा जणांच्या चौकटीत मधल्या एकीचं तोंड मिटलेलं दिसलं, की ती ओळ विसरली असंच वाटतं. इथे स्वर धरून ठेवायचं काम रेकॉर्डिंग करतंय. तेव्हा तोंड उघडंच ठेवा आणि श्वास नाकाने घ्या.

चुकलात तर थांबू नका, चेहरा करू नका, पुढे गात राहा. त्या टेकमधले कदाचित चारच सेकंद वापरले जाणार असतात आणि ते तुमचे नसतातही. गाणं संपल्यावर ‘कट’ ऐकू येईपर्यंत तसेच उभे राहा. शेवटचे पाच सेकंद संकलकाला हवे असतात आणि नेमके तिथेच कुणीतरी ‘झालं का?’ म्हणून बाजूला बघतं.

आणि नजर. कॅमेऱ्यात बघायचं की संचालकांकडे, हे प्रत्येक टेकआधी विचारा. काहीही चालतं, निम्मे इकडे निम्मे तिकडे चालत नाही.

फोकसवाला

माहेश्वरीबद्दल सावध. साडी सुंदर, पण अंगभर बारीक रेघा किंवा चौकडा असेल तर त्या कापडाची जाळी आणि सेन्सरवरच्या पिक्सेलची जाळी एकमेकांवर बसतात. मग अंगावर रंगीत लाटा फिरताना दिसतात. याला मोआरे म्हणतात. संकलनात ते धड जात नाही आणि व्हिडिओ नेटवर चढवताना त्याची फाइल दाबून लहान केली जाते तेव्हा आणखी वाढतं. अंग सपाट रंगाचं आणि नुसता काठ असेल तर काही अडचण नाही. साड्या घेऊन झाल्या असतील तर त्यातली एक त्याच कॅमेऱ्यासमोर, त्याच लेन्सने दोन, चार आणि आठ मीटरवरून बघून घ्या. कुठल्या अंतरावर लाटा उठतात ते कळेल. चौकड्याच्या साड्या मागच्या ओळीत, फोकसच्या बाहेर गेल्या तरी सुटतं. पुरुषांनी पांढरे शुभ्र झब्बे टाळा. उन्हात त्यांचा तपशील उडतो, चंदनी रंग बरा.

उन्हात काळा होणारा चष्मा नको. गारव्यात तो जास्तच गडद होतो आणि सभागृहात शिरल्यावर साफ व्हायला काही मिनिटं घेतो. साध्या चष्म्यावर दिवा चमकत असेल तर काड्या कानावरून किंचित वर उचला. काचा थोड्या खाली झुकतात आणि चमक निघून जाते.

बांगड्यांच्या आवाजाची काळजी करू नका, तिथला आवाज व्हिडिओत जाणारच नाही. पण कॅमेऱ्याच्या माइकला गाणं नीट ऐकू गेलं पाहिजे, कारण संकलक त्यावरूनच चित्र जुळवतो. छत्र्यांच्या बाजूला रहदारी भरपूर. तिथे मोबाइलचा स्पीकर पुरणार नाही.

दुसरा_आवाज (इंदूर)

मनापासून आभार! साडी उद्याच तपासते. आमच्याकडे दोन ब्लूटूथ स्पीकर आहेत, दोन्ही टोकांना ठेवायचा विचार होता. शिवाय दिग्दर्शक म्हणतायत की काही भाग स्लो मोशनमध्ये आहे, म्हणून गाणं दुप्पट वेगाने वाजवणार. ते थट्टा करतायत का?

फोकसवाला

दोन वेगळे ब्लूटूथ स्पीकर अजिबात नकोत. प्रत्येकाचा उशीर वेगळा, मधल्या लोकांना गाणं दोनदा ऐकू येईल. एकच मोठा स्पीकर, तारेने जोडलेला, वृंदाच्या समोर मधोमध. फार लांबही नको. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्पीकर ३४ मीटरवर असला तर गाणं तुमच्यापर्यंत एक दशांश सेकंदाने, म्हणजे अडीच फ्रेम उशिरा पोचतं. चार ओळींच्या वृंदात पहिल्या आणि शेवटच्या ओळीत पाच-सहा मीटरच फरक, तो दिसत नाही. चुकून स्पीकर एका कडेला, वीस मीटर पसरलेल्या रांगेच्या टोकाला ठेवला, तर दुसरं टोक दीड फ्रेम मागे पडतं. तो फरक ‘म’वर डोळ्याला खुपतो.

आणि थट्टा नाही, हिशेब आहे. सेकंदाला ५० फ्रेम घ्यायच्या आणि २५ च्या वेगाने दाखवायच्या. मग हालचाल निम्म्या वेगाने दिसते, पण ओठ मूळ गाण्याशी जुळले पाहिजेत. म्हणून शूटिंगच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने. तुमचं ४:१० चं गाणं २:०५ मध्ये संपेल.

खर्जातला_एक

फक्त दुप्पट वेगात अभंगाचे शब्द तोंडात बसत नाहीत, जीभ अडकते. आलाप, ‘विठ्ठल विठ्ठल’चा गजर असे तुकडे स्लो मोशनला ठेवा म्हणावं, दाट शब्दांची कडवी नकोत. दुप्पट वेगाची फाइल आजच मागून घ्या आणि रोज दहा वेळा म्हणा. डोकं मात्र त्या वेगाने हलवायचं नाही. ठेका धरायची सवय असलेल्यांना हे सगळ्यात अवघड जातं.

हिशेबनीस_काका

दोन कागदाच्या गोष्टी. छत्र्यांची परवानगी लेखी, आणि ती शूटिंगच्या दिवशी हातात. ड्रोन असेल तर त्याचं वेगळं बघावं लागतं, विमानतळ शहराला लागूनच आहे.

दुसरं, संमतिपत्र. अभंग जुन्या संतांचा असेल तर शब्दांवर हक्क कुणाचा नाही, पण चाल आजच्या संगीतकाराची असेल तर तिच्यावर आहे. वृंदातल्या गायकांनाही प्रतिलिप्यधिकार कायद्याच्या कलम ३८ आणि ३८-अ प्रमाणे कलाकाराचे हक्क असतात. चित्रीकरणाला लेखी संमती दिली की निर्मात्याने तो व्हिडिओ वापरण्याला नंतर हरकत घेता येत नाही, करारात वेगळं लिहून घेतलं असेल तरच घेता येते. व्यावसायिक वापर झाला तर रॉयल्टीचा हक्क राहतो. तेव्हा सही करण्याआधी वाचा, आणि श्रेयनामावलीत सगळी ३६ नावं येणार का तेवढं विचारून ठेवा.

दुसरा_आवाज (इंदूर)

कागदाचं काम आमच्या सचिवांना कळवते, काका. सकाळी ६ ला जमायचंय, नाश्ता तिथेच.

खर्जातला_एक

पोहे-जिलेबी असणारच! मग साडी नेसायच्या आणि मेकअपच्या आधी खाऊन घ्या, हळदीचा डाग आणि पाकाचे हात दोन्ही निघता निघत नाहीत. वरून शेव-जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) घेतलं तर आरशात दात बघा. आणि पहिला टेक झाल्यावर प्रत्येक ओळीचा एक फोटो मोबाइलवर काढून ठेवा : पदर कुठल्या खांद्यावर, घड्याळ हातात की नाही, कोण कुणाशेजारी. जेवणानंतर उभे राहताना तो फोटो समोर धरा. दुपारी सभागृहात हमखास दोघी जागा बदलून उभ्या राहतात.