वळवानंतर कडुनिंबावर भुंगेरे, रानात टिटवीची अंडी: काय करावं?

बांधावरून (सासवड)
परवा वळीव चांगला झाला. काल सव्वासातच्या सुमाराला बांधावरच्या कडुनिंबावर तपकिरी भुंगेऱ्यांचा नुसता घोंगाट. सकाळी एकही नाही, पानं मात्र कुरतडलेली. शेजारी ऊस आहे. हे हुमणीचेच, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या पांढऱ्या अळीचेच ना? झाडावर फवारू का? शिवाय कुळवाची पाळी (वरवरची मशागत) घालायच्या रानात टिटवीची चार अंडी आहेत. आणि तारेवर दिसणारा काळा-पांढरा, तुरेवाला पक्षी कोणता?

ऊसमळा
हुमणीचेच. पहिला वळीव झाला की ते अंधार पडताना जमिनीतून निघतात, कडुनिंब, बाभूळ, बोरीवर पाला खातात, तिथंच जुळतात आणि उजाडायच्या आत परत मातीत शिरतात. म्हणून सकाळी दिसत नाहीत. मादी मातीत अंडी घालते. ऊस पिवळा पडलेला दिसतो तो थेट श्रावण-भाद्रपदात, तोवर मुळं खाऊन झालेली असतात. म्हणजे काम आत्ताच करायचं.

रात्री आठच्या पुढं झाडाखाली ताडपत्री अंथरा, काठीला आकडा बांधून फांद्या जोरात हलवा. पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्याच्या बादलीत टाका. रॉकेल नसेल तर साबणाचं पाणी चालेल. दर चांगल्या पावसानंतर सलग तीन-चार रात्री हे करा, आणि शेजारच्यांनाही सोबत घ्या. एकट्याच्या झाडावरचे वेचले तर बाजूच्या बाभळीवरचे तुमच्याच उसात उतरतात. प्रकाश सापळा लावलात तर दहाला बंद करा, रात्रभर ठेवला की उपयोगी किडेही मरतात.

फवारणी नको. औषधानं गुंगलेले भुंगेरे पिंगळा रात्री आणि साळुंक्या सकाळी आयते उचलतात. आपला फुकटचा राखणदार मारायचा कशाला?

माळपक्षी
टिटवीची अंडी उचलून बांधावर ठेवू नका, जागा बदलली की ती बसत नाही. चार अंडी, टोकं आत वळलेली, म्हणजे घरटं पूर्ण झालंय. उबवायला साधारण 28 दिवस लागतात. चारही बाजूंनी दोन-दोन मीटर रान सोडा. खुणेला काठी किंवा चिंधी नको, कावळा तीच बघून येतो. पाच पावलांवर दोन मोठी ढेकळं ठेवली की ट्रॅक्टरवाल्याला कळतं.

पाळी सकाळी लवकर घाला. दुपारी टिटवी उबवण्यापेक्षा सावली करायला उभी असते, पोटाची पिसं भिजवून आणून अंडी गार ठेवते. तिला भर उन्हात अर्धा तास हुसकावली तर अंडी आतून शिजतात. पिलं निघाली की दिवसभरात घरटं सोडतात, मग राहिलेला तुकडा कुळवून घ्या.

चोचीजवळ लाल कातडी आहे की पिवळी, तेवढं बघून सांगा. पिवळी असेल तर ती माळटिटवी, कोरड्या माळावरची.

तुरेवाला तो चातक. उडताना पंखावर पांढरा ठिपका दिसतो. सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो, तेव्हा बांधावरची झुडपं एवढ्यात तोडू नका.

ऊसमळा
एक राहिलं. शेणखतात पांढऱ्या अळ्या सापडल्या तर सगळ्या हुमणी समजू नका. सपाट फरशीवर ठेवा. पाठीवर उलटी होऊन सरसर सरकली तर ती कुजका पाला खाणाऱ्या फुलभुंगेऱ्याची, तिला खतातच राहू द्या. हुमणी कुशीवर वळून पडून राहते.