९ फुटी स्लॅब, कुठल्या खोलीत सीलिंगला कुठला लाईट?

मुलुंडची_सून:
नमस्कार मंडळी, आमचा जुना २ बीएचके आहे, रंग आणि वायरिंग दोन्हीचं काम काढलंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय सगळीकडे फॉल्स सीलिंग करू, हॉलमध्ये ८ आणि बेडरूममध्ये ६-६ स्पॉट (सीलिंगमध्ये बसणारे छोटे दिवे) टाकतो. मला पटत नाहीये, कारण सासूबाई ७६ च्या, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, संध्याकाळी सोफ्यावर बसून तांदूळ निवडतात आणि शेजाऱ्यांकडे असेच स्पॉट आहेत तिथे बसलं की कपाळावर हात धरतात. परवापर्यंत पॉइंट फायनल करायचेत, प्लीज सांगा.

वायरमन_परळ:
ताई, २२ वर्षं हेच काम करतोय. फॉल्स सीलिंगमध्ये ५-६ इंच जातात, ९ फुटात खोली बसकी वाटायला लागते, हॉलला करायचंच तर कडेने पट्टी करा, मधे स्लॅब तसाच राहू दे. पंख्याच्या पात्यांच्या वर एकही स्पॉट घेऊ नका, पातं लाईटच्या आड येत राहतं आणि सगळ्या खोलीत सावली फडफडते, वयस्कर माणसाला तर चक्कर आल्यासारखं होतं, मी स्वतः असे स्पॉट लावून परत काढलेत. त्यापेक्षा दुधी काचेसारखं कव्हर असलेले सरफेस पॅनल, म्हणजे स्लॅबला बाहेरून बसणारे चपटे लाईट लावा नाहीतर सरळ ४ फुटी २० वॉटचे दोन बॅटन (ट्यूबसारखे लांब एलईडी लाईट) समोरासमोरच्या भिंतींवर, म्हणजे सावली कमी पडते. चांगल्या २० वॉटमधून २००० च्या आसपास ल्युमेन (उजेडाचं माप) मिळतात, खोक्यावर वॉट नाही ल्युमेन वाचा. लोहार चाळीत, मुंबईतल्या इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात गेलात तर ड्रायव्हर (लाईटला वीज पुरवणारा छोटा डबा) वेगळा असलेलाच पॅनल मागा, बिघडतो बहुतेक वेळा ड्रायव्हरच, तेवढाच बदलता येतो. आणि सगळे लाईट एका बटणावर नको, दोन वेगळ्या बटणांवर दोन सर्किट करा.

ओट्यापाशी:
किचनबद्दल माझं ऐका. मधोमध लाईट असला की आपण ओट्याकडे तोंड करून उभं राहतो आणि आपलीच सावली विळीवर पडते, मी १२ वर्षं तशीच भाजी चिरलीये. आता वरच्या कपाटाच्या खाली पुढच्या कडेला पट्टी लाईट लावलाय, ४००० केल्विनचा (केल्विन म्हणजे लाईटच्या रंगाचा आकडा, कमी असला की पिवळट, जास्त असला की पांढरा), मेथीतली पिवळी पानं लगेच दिसतात. पिवळ्या लाईटमध्ये ती दिसतच नाहीत. सीलिंगला एक साधा पॅनल पुरतो, फक्त ओट्याच्या बाजूला सरकवून घ्या. कव्हर पुसता येईल असंच हवं, फोडणीचा चिकट थर बसतोच.

बोरिवलीकर:
बाथरूमला आयपी ४४ (म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसणारा) लिहिलेला बंद बॉडीचा लाईट बघा, मुंबईच्या पावसाळ्यात साध्या लाईटचे स्क्रू दोन वर्षांत गंजतात. वरच्या मजल्याचं लीकेज कधी होईल सांगता येत नाही, त्यामुळे तिथे फॉल्स सीलिंग केलंत तर उघडायला झाकण ठेवाच. बेडरूमला पलंगाच्या बरोबर वर लाईट नको, झोपलं की थेट डोळ्यात. ३००० केल्विनचा एक पॅनल पायाच्या बाजूला घ्या, बटण दाराशी आणि उशाशी दोन्हीकडे, रात्री उठणाऱ्या माणसासाठी हे फार गरजेचं आहे.

मुलुंडची_सून:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री वायरमन भाऊंचं ऐकून ह्यांनी एक बॅटन एक्स्टेंशनला जोडून सोफ्याच्या मागच्या भिंतीवर धरला आणि सासूबाईंना ताट घेऊन बसवलं. आधी ६५०० केल्विनचा लावला तर म्हणाल्या तांदूळ चमकतो गं, खडा ओळखू येत नाही, मग ४००० चा लावला तेव्हा ताट जवळ न घेता, मांडीवरच ठेवून निवडत बसल्या. हॉलचे आठही स्पॉट रद्द. बेडरूमचं आज बोलते कॉन्ट्रॅक्टरशी, सासूबाईंच्या उशाशी बटण नक्की.